८०८५चा असेंब्लर घरी लिहायचा तर

महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करताना ज्यांनी मायक्रोप्रोसेसरची प्रॅक्टिकल्स केली, त्यांना इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची किट नक्की आठवत असेल. हेक्स कीपॅड, लाल डिस्प्लेवर चार आकडे पत्त्याचे आणि दोन डेटाचे, आणि शेजारी झेरॉक्स काढून काढून पुसट झालेली ओपकोड शीट, म्हणजे कोणत्या सूचनेचा मशीनमधला आकडा (ओपकोड) कोणता, याची यादी. वहीत डावीकडे पत्ता, मग ओपकोड, मग लेबल (त्या पत्त्याला दिलेलं नाव), मग सूचना असे रकाने आखायचे आणि शीटवर बोट फिरवत एकेक बाइट भरायचा. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम असा भरून झाल्यावर मधलीच एक तीन बाइटांची सूचना राहिल्याचं माझ्या लक्षात आलं, तो दिवस मी विसरलेलो नाही. खालचा प्रत्येक पत्ता तीनने सरकला आणि प्रत्येक जंपचा पत्ता खोडून नव्याने लिहावा लागला.

असेंब्लर, म्हणजे सूचनांच्या नावांवरून मशीनचे बाइट काढणारा प्रोग्रॅम, हेच काम करतो. ही वही तुम्ही एकदा जरी हाताने भरली असेल, तर असेंब्लर कसा चालतो हे तुम्हाला आधीच माहीत आहे. आता ती वही भरायला कॉम्प्युटरला शिकवायचं आहे. भाषा कोणतीही चालेल. मी पायथॉन वापरली, कारण मजकुराचे तुकडे करणं तिच्यात सोपं आहे. सी येत असेल तर सीमध्ये लिहा.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात सूचनांची नावं आणि हेक्स आकडे देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या फाइलमध्ये सूचना, रजिस्टरं आणि हेक्समधली ए ते एफ ही अक्षरं ओपकोड शीटवर असतात तशी रोमनमध्येच टाका.

८०८५च का?

घरचा पहिला असेंब्लर लोक बहुधा आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी लिहायला घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. लॅपटॉपच्या इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरमध्ये एकाच जंपचं एक आखूड रूप असतं आणि एक लांब. कोणतं वापरायचं हे जंप किती दूर जाते यावर ठरतं, आणि ती किती दूर जाते हे मधल्या सूचनांच्या लांबीवर ठरतं. नवशिक्याने या चक्रात शिरू नये.

८०८५मध्ये ही अडचणच नाही. सूचना एक, दोन किंवा तीन बाइटांची असते, आणि किती बाइटांची ते फक्त तिच्या नावावरून कळतं. एकूण ७४ सूचना आणि त्यांचे २४६ ओपकोड. पत्ता १६ बिटांचा, म्हणजे सगळी मेमरी ६४ केबी. एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावेल एवढाच हा प्रोसेसर आहे. शिवाय शिकवण्याची किट हाताशी नसेल तरी जीएनयूसिम ८०८५सारखा मोफत सिम्युलेटर मिळतो, त्यामुळे आपलं उत्तर ताडून पाहता येतं.

आधी उत्तर, मग प्रोग्रॅम

कोडची एकही ओळ लिहिण्याआधी एक छोटा नमुना हाताने असेंबल करा. हा घ्या. पाचपासून एकपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करून तो ती मेमरीत ठेवतो. यातला ऑर्ग सुरुवातीचा पत्ता ठरवतो, डीबी बाइट ठेवतो आणि डीएस जागा राखतो; ही तिन्ही असेंब्लरला दिलेली सांगणी आहेत, प्रोसेसरच्या सूचना नाहीत.

```
          ऑर्ग      २०००एच
          एलडीए    मोजणी
          मूव्ह      सी, ए
          एमव्हीआय  ए, ००एच
पुन्हा:     ॲड       सी
          डीसीआर   सी
          जेएनझेड   पुन्हा
          एसटीए    उत्तर
          एचएलटी
मोजणी:    डीबी      ०५एच
उत्तर:     डीएस      १
```

हाताने केल्यावर वहीत हे उतरतं:

```
२०००   ३ए ०एफ २०
२००३   ४एफ
२००४   ३ई ००
२००६   ८१
२००७   ०डी
२००८   सी२ ०६ २०
२००बी  ३२ १० २०
२००ई   ७६
२००एफ  ०५
२०१०   (एक बाइट राखीव)
```

पहिल्या ओळीकडे नीट पाहा. ‘मोजणी’चा पत्ता २००एफ, पण मेमरीत आधी ०एफ आणि मग २०. खालचा बाइट आधी, वरचा नंतर, हा इंटेलचा रिवाज आहे. नव्या असेंब्लरमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

हे सोळा बाइट कागदावर लिहून समोर चिकटवा. तुमच्या प्रोग्रॅममधून हेच सोळा बाइट बाहेर पडले की पहिला टप्पा संपला.

ओळ फोडणं

प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त चार गोष्टी असतात: लेबल, सूचना, ऑपरँड (सूचना ज्यावर चालते तो आकडा, रजिस्टर किंवा पत्ता) आणि टिप्पणी. क्रमाने काढा. अर्धविरामापासून पुढची टिप्पणी आधी कापा. उरलेल्यात अपूर्णविराम म्हणजे कोलन असेल तर त्याच्या आधीचं ते लेबल. मग पहिला शब्द सूचना, आणि बाकीचं स्वल्पविरामावर तोडलं की ऑपरँड मिळतात. नुसतं लेबल असलेली ओळ आणि पूर्ण रिकामी ओळ, दोन्ही चालल्या पाहिजेत. अवतरणचिन्हांतला मजकूर डीबीला द्यायची सोय पुढे कराल, तेव्हा त्या अवतरणात आलेला अर्धविराम टिप्पणी धरला जाणार नाही याची काळजी घ्या. त्यासाठी ओळ एकेका अक्षराने वाचावी लागते. पहिल्या आवृत्तीत ती सोय नसली तरी काही अडत नाही.

ओळीसोबत तिचा क्रमांक शेवटपर्यंत जवळ ठेवा. चूक सापडल्यावर ‘ओळ १७’ असं सांगता आलं नाही, तर असेंब्लर वापरणारा पहिला माणूस, म्हणजे तुम्हीच, वैतागेल.

आकडे ओळखताना

शेवटी एच असेल तर हेक्स, बी असेल तर बायनरी, काहीच नसेल तर दशमान. इथे एक जुना नियम पाळा: हेक्स आकडा अक्षराने सुरू होत असेल तर त्याच्या आधी शून्य हवं. म्हणजे एफएफएच असं लिहिलं तर ते लेबल, आणि ०एफएफएच लिहिलं तर आकडा. हा नियम नसेल, तर कोणी ‘बीईएच’ नावाचं लेबल ठेवलं की असेंब्लर गोंधळतो. पहिलं चिन्ह अंक असेल तरच आकडा, एवढी एकच तपासणी करा.

बाइटच्या जागी आलेली किंमत उणे १२८ ते २५५मध्ये आणि पत्त्याच्या जागी आलेली ० ते ६५५३५मध्ये बसते का ते पाहा. बसत नसेल तर चूक दाखवा. वरचे बिट गुपचूप कापून पुढे जाणारा असेंब्लर तुम्हाला रात्रभर जागवेल.

ओपकोडचा तक्ता: इथे थोडा वेळ थांबा

शीटवरचे २४६ ओपकोड एकेक करून टाइप करायचा मोह होतो. मीही तसंच सुरू केलं होतं. पण त्या शीटमध्ये एक सुंदर रचना लपलेली आहे, आणि हेक्समध्ये ती दिसत नाही. ओपकोड ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर, लिहा. बाइटचे आठ बिट दोन, तीन, तीन असे तोडले की तीन ऑक्टल आकडे मिळतात.

आता रजिस्टरांना, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एकेक बाइटाच्या जागांना, क्रमांक द्या: बी ०, सी १, डी २, ई ३, एच ४, एल ५, एम ६, ए ७. इथला एम म्हणजे एचएल जोडी दाखवते ती मेमरीतली जागा. मग मूव्हचा ओपकोड असा होतो: पहिला आकडा १, दुसरा कुठे ठेवायचं त्या रजिस्टरचा, तिसरा कुठून आणायचं त्याचा. आपल्या नमुन्यातलं ‘मूव्ह सी, ए’ म्हणजे ऑक्टल ११७. हेक्समध्ये तेच ४एफ.

पहिला आकडा २ असेल तर गणिताच्या सूचना. मधला आकडा कोणतं गणित ते सांगतो: ॲड ०, एडीसी १, सब २, एसबीबी ३, एएनए ४, एक्सआरए ५, ओआरए ६, सीएमपी ७. शेवटचा आकडा रजिस्टरचा. ‘ॲड सी’ म्हणजे २०१, हेक्स ८१.

म्हणजे दोन ओळींच्या सूत्रात १२८ ओपकोड, अर्धी शीट, झाली.

हीच आठ गणितं थेट आकड्यावर करायची असतील, म्हणजे एडीआय, एसयूआय, सीपीआय वगैरे, तर पहिला आकडा ३, मधला तोच, शेवटचा ६. एमव्हीआयला ०, रजिस्टर, ६. आयएनआरला शेवटी ४, डीसीआरला ५. म्हणून ‘डीसीआर सी’ ०१५, हेक्स ०डी.

अटींनाही क्रमांक आहेत: एनझेड ०, झेड १, एनसी २, सी ३, पीओ ४, पीई ५, पी ६, एम ७. अट असलेल्या जंपला ३, अट, २. कॉलला ३, अट, ४. रिटर्नला ३, अट, ०. जेएनझेड म्हणजे ३०२, हेक्स सी२. रजिस्टरांच्या जोड्यांनाही असाच क्रम आहे: बी ०, डी १, एच २, एसपी ३. पुश आणि पॉपमध्ये मात्र चौथ्या जागी एसपीऐवजी पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग यांची जोडी) येतो.

हे सगळं सूत्रात बसवल्यावर माझ्या तक्त्यात फक्त २७ सूचना उरल्या: एनओपी, एचएलटी, साधा जंप, कॉल, रिटर्न, एलडीए, एसटीए, इन, आउट आणि अशाच एकट्या राहणाऱ्या. सूत्रं शोधायला माझी एक संध्याकाळ गेली, आणि त्या संध्याकाळनंतर ८०८५ मला नव्याने दिसू लागला. चिपच्या आतले डीकोडर हेच तीन तीन बिट वाचतात. शीट ही माणसाच्या सोयीसाठी केलेली यादी, यंत्राचा विचार ऑक्टलमध्ये दिसतो.

यात एक खड्डा आहे. मूव्हच्या सूत्रात ‘एम, एम’ घातलं तर १६६ येतं, हेक्स ७६. तो एचएलटीचा ओपकोड आहे. मेमरीतून मेमरीत थेट हलवण्याची सूचना ८०८५मध्ये नाहीच, आणि तिची रिकामी जागा थांबण्याच्या सूचनेला दिली आहे. सूत्रावर डोळे झाकून विसंबलात तर ‘मूव्ह एम, एम’ लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम कसलीही चूक न दाखवता थांबेल. ही जोडी वेगळी तपासून नाकारा. तसंच एलडीएएक्स आणि एसटीएएक्स फक्त बी आणि डी जोड्यांवर चालतात, एचवर नाही.

दोन फेऱ्या

आता मुख्य अडचण. पहिलीच सूचना ‘एलडीए मोजणी’, पण ‘मोजणी’ कुठे आहे ते खाली आठव्या सूचनेनंतर कळणार. वहीत आपण काय करायचो? पत्त्याची जागा मोकळी सोडून पुढे जायचो आणि खाली पोचल्यावर मागे येऊन भरायचो. असेंब्लरमध्येही तसं करता येतं, पण सोपा मार्ग म्हणजे फाइल दोनदा वाचायची. पहिल्या फेरीत फक्त पत्ते मोजायचे आणि लेबलांचा तक्ता भरायचा. एकही ओपकोड काढायचा नाही.

```
पत्ता = ०
प्रत्येक ओळीसाठी:
    लेबल असेल:
        तक्त्यात आधीच आहे  → चूक नोंदव
        नसेल              → तक्ता[लेबल] = पत्ता
    ऑर्ग    → पत्ता = दिलेली किंमत
    डीएस    → पत्ता += दिलेली किंमत
    डीबी    → पत्ता += जेवढ्या किमती तेवढे
    इतर     → पत्ता += सूचनेची लांबी
```

लांबी नावावरून ठरते म्हणून हे इतकं सोपं आहे. तीन बाइटांच्या सूचना: एलएक्सआय, एलडीए, एसटीए, एलएचएलडी, एसएचएलडी, आणि सगळे जंप व कॉल. दोन बाइटांच्या: एमव्हीआय, थेट आकड्यावरची आठ गणितं, इन आणि आउट. उरलेल्या सगळ्या एक बाइटाच्या.

दुसऱ्या फेरीत पत्ता पुन्हा शून्यापासून मोजत जायचं, पण आता प्रत्येक ओळीचे बाइट काढायचे. लेबल दिसलं की तक्त्यातून किंमत घ्यायची. तक्त्यात नसेल तर ‘ओळ अमुक: तमुक लेबल कुठेच नाही’.

दोन फेऱ्यांत पत्त्याची मोजणी वेगळी आली तर सगळंच कोसळतं. म्हणून दुसऱ्या फेरीत लेबल भेटलं की आत्ताचा पत्ता आणि तक्त्यातला पत्ता एकच आहे का, ही तपासणी घाला. ओळ एकच, पण लांबीच्या तक्त्यातली चूक ती लगेच पकडते.

ऑर्ग आणि डीएस यांची किंमत मात्र पहिल्याच फेरीत माहीत असावी लागते. ‘डीएस आकार’ लिहून आकार खाली ठरवला, तर पहिल्या फेरीत पत्ता किती पुढे न्यायचा हेच कळणार नाही. तिथे स्पष्ट चूक द्या.

पहिली चूक दिसताच प्रोग्रॅम थांबवू नका. चुकांची यादी करत पूर्ण फाइल वाचा आणि शेवटी सगळ्या एकदम दाखवा. चुका असतील तर बाइटांची फाइल मात्र अजिबात तयार करू नका.

मराठी लेबलं

नमुन्यातली लेबलं मी मराठीत ठेवली ती हौसेखातर, पण त्यातून बरंच शिकायला मिळालं. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर युनिकोडमध्येच असतो, तेव्हा वेगळं काही करावं लागणार नाही असं वाटलं होतं. पण शब्द ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं नेहमीचं ‘शब्दाचं अक्षर’ हे चिन्ह वापरलं, तर पायथॉनच्या मूळ लायब्ररीत ते काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. ‘मोजणी’ म वरच तुटतं. त्याऐवजी पायथॉनचं ‘आयडेंटिफायर आहे का’ हे फंक्शन विचारा, ते मात्रांसह शब्द मान्य करतं.

दुसरं, ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे येऊ शकतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता असं. डोळ्यांना सारखंच, तक्त्यात मात्र दोन वेगळी लेबलं. फाइल वाचतानाच एनएफसी नावाचं प्रमाणीकरण लावलं की दोन्ही एक होतात. ‘ॲ’चं तसं नाही. काही कीबोर्ड तो अ, अदृश्य जोडचिन्ह आणि वरचा चंद्र असा टाइप करतात, आणि एनएफसी ते जुळवत नाही. तेवढी एक अदलाबदल हाताने घालावी लागते. आणि एक आनंदाची गोष्ट: पायथॉनचं आकडा बनवणारं फंक्शन देवनागरी अंक आपोआप ओळखतं, त्यामुळे ‘२०००’ तसंच चालतं.

बाइट बाहेर काढताना

दोन फाइली काढा. पहिली लिस्टिंग: डावीकडे पत्ता, मग बाइट, मग मूळ ओळ, शेवटी लेबलांचा तक्ता. थोडक्यात, आपली वहीच. किटवर हाताने भरायचं असेल तर हीच समोर ठेवायची.

दुसरी इंटेल हेक्स. हा साध्या मजकुराचा प्रकार आहे, आणि सिरियल पोर्ट असलेल्या बऱ्याच किट व ईप्रॉम प्रोग्रॅमर (मेमरी चिपमध्ये बाइट भरणारं यंत्र) तो घेतात. प्रत्येक ओळीत सुरुवातीला कोलन, मग बाइटांची संख्या, चार आकडी पत्ता, प्रकार, बाइट, आणि शेवटी चेकसम. इथे पत्त्यात वरचा बाइट आधी असतो, मेमरीतल्यापेक्षा उलट, तेवढं ध्यानात ठेवा. चेकसम काढायला ओळीतले सगळे बाइट मिळवा, बेरजेचा फक्त खालचा बाइट घ्या आणि तो २५६मधून वजा करा. उत्तर २५६ आलं तर ०० लिहा. आपल्या नमुन्यात संख्या १० (हेक्स), पत्ता २०००, प्रकार ००, आणि सोळा बाइट धरून बेरीज ३७९ हेक्स येते. खालचा बाइट ७९, म्हणून चेकसम ८७. तुमचं ८७ आलं नाही तर बाइट पुन्हा मोजा. फाइल संपल्याची ओळ ठरलेली असते: कोलन, ००, ००००, ०१, एफएफ.

डीएसने राखलेल्या जागेचे बाइट फाइलमध्ये लिहायचे नाहीत. तिथे ओळ तोडायची आणि पुढची नव्या पत्त्याने सुरू करायची.

खरी परीक्षा

नमुना बरोबर आला म्हणून असेंब्लर बरोबर ठरत नाही, कारण त्यात आठच सूचना आहेत. एक फाइल बनवा ज्यात सगळ्या २४६ ओपकोडांच्या सूचना चढत्या क्रमाने आहेत आणि प्रत्येक आकडी ऑपरँड शून्य आहे. आरएसटीचा आकडा आणि रजिस्टरं तेवढी ओपकोडप्रमाणे. ती असेंबल करा आणि लिस्टिंगमधला प्रत्येक ओळीचा पहिला बाइट वाचत जा. ००पासून एफएफपर्यंत आकडे चढत गेले पाहिजेत आणि बरोबर दहा जागा गाळलेल्या दिसल्या पाहिजेत: ०८, १०, १८, २८, ३८, सीबी, डी९, डीडी, ईडी, एफडी. क्रम कुठे मोडला की ती सूचना चुकली. ही फाइल लिहायला कंटाळा येतो, पण माझ्या असेंब्लरमधल्या तीन चुका एका दमात तिनेच दाखवल्या, आणि त्यातल्या दोन मला सहा महिने सापडल्या नसत्या.

मग चुकीच्या फाइलींचाही एक संच ठेवा: दोनदा आलेलं लेबल, नसलेलं लेबल, ‘मूव्ह एम, एम’, ३०० किमतीचा बाइट. प्रत्येकीत चूक दाखवलीच पाहिजे.

१९४९मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी डेव्हिड व्हीलरने लिहिलेला लोडर फक्त ३१ सूचनांचा होता. कागदी फितीवरचं एकेक अक्षर ही सूचना आणि दशमान आकडा हा पत्ता असं वाचून तो त्यांचं बायनरी करायचा. लेबलं त्यात नव्हती. पायथॉनमधला माझा पहिला चालता असेंब्लर तीनशे ओळींच्या आत बसला. नावाला किंमत देणारं इक्यू, दोन बाइटांची किंमत ठेवणारं डीडब्ल्यू आणि ‘मोजणी+१’सारखी साधी बेरीज त्यानंतर घातली. मॅक्रोंना मी अजून हात लावलेला नाही. ते करण्याआधी डिसअसेंब्लर, म्हणजे बाइटांवरून सूचना काढणारा प्रोग्रॅम, लिहा असं सुचवेन. ऑक्टलची सूत्रं तयारच आहेत, ती फक्त उलटी वाचायची.

आता ते सोळा बाइट किटवर २०००पासून भरा. तुमच्या किटची वापरायची रॅम दुसरीकडून सुरू होत असेल, तर मॅन्युअलमध्ये पाहून फक्त ऑर्गची ओळ बदला आणि पुन्हा असेंबल करा. सगळे पत्ते आपोआप सरकलेले दिसतील. प्रोग्रॅम चालवा, रिसेट दाबा, आणि लिस्टिंगमध्ये ‘उत्तर’चा जो पत्ता आहे तिथली मेमरी उघडा. डिस्प्लेच्या उजवीकडच्या दोन घरांत ०एफ असेल.